पुरानंतरचा फाळा आणि लवादातला समझोता

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या पुराने कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा असे वडोदऱ्याचे कितीतरी भाग वेढले गेले. आमची सोसायटी कारेलीबागेत आहे. मीटरची खोली छातीइतक्या पाण्यात होती, बोअरचा पंप आणि त्याचे पॅनल निकामी झाले, दोन्ही लिफ्टचे खड्डे गाळाने भरले आणि मागची कंपाउंडची भिंत एका बाजूने कलंडली. हे नुकसान खरे होते आणि त्याची दुरुस्ती सर्वांनी मिळून करायची आहे, याविषयी कुणाचेही दुमत नव्हते. वाद सुरू झाला तो चिखल निघता निघता फलकावर लागलेल्या एका नोटिशीवरून. प्रत्येक फ्लॅटधारकाने 'खास फाळा', म्हणजे खास वर्गणी, म्हणून 36,000 रुपये महिनाअखेरपर्यंत भरावेत, न भरल्यास 18 टक्के व्याज लागेल आणि सोसायटीकडून कोणताही दाखला मिळणार नाही, असे तिच्यात लिहिले होते. हा फाळा कोणत्या सभेत ठरला, रक्कम कशी काढली आणि कोणत्या कामाला किती लागणार, यांपैकी एकाही गोष्टीचा तिच्यात उल्लेख नव्हता.

पुढचे समजण्यासाठी सोसायटीची रचना सांगणे भाग आहे. आमच्याकडे तीन इमारती आहेत. ए आणि बी या इमारतींत मिळून 32 फ्लॅट आहेत आणि दोन्हींना लिफ्ट आहे. सी ही तळमजला अधिक दोन मजल्यांची, 10 फ्लॅटची इमारत असून तिला लिफ्ट नाही. मी सी मध्ये राहते. नोकरीभर इमारतींचे नकाशे काढण्याचे काम केले असल्यामुळे अंदाजपत्रक आणि नकाशा वाचण्याची सवय आहे, आणि बहुधा त्यामुळेच शेजाऱ्यांनी हे प्रकरण माझ्याकडे सोपवले. आमची संस्था नोंदलेली सहकारी हाउसिंग सर्व्हिस सोसायटी आहे, म्हणजे तिला गुजरात सहकारी मंडळी अधिनियम, 1961 लागू होतो. हे आरंभीच सांगते, कारण या काळात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी अत्यंत कळकळीने पाठवलेल्या बहुतेक सूचना आमच्या कामाच्या नव्हत्या.

माझ्या पुण्याच्या भावाने पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्राचे आदर्श उपविधी पाठवले आणि त्यातले लिफ्टचे कलम लाल रंगाने अधोरेखित केले. लिफ्टचा खर्च, ती वापरणारे असोत वा नसोत, त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा सोसावा, असे ते कलम सांगते. कलम चांगलेच आहे, परंतु महाराष्ट्र आणि गुजरात 1 मे 1960 रोजी वेगळे झाल्यानंतर दोन्ही राज्यांनी आपापले सहकार कायदे केले. महाराष्ट्राचा 1960 चा, आपला 1961 चा. दोघांचे मूळ जुन्या मुंबई प्रांताच्या 1925 च्या कायद्यात असल्यामुळे भाषा पुष्कळ ठिकाणी सारखी वाटते, पण कलमांचे क्रमांक, न्यायमंच आणि आदर्श उपविधी यांची सरमिसळ करता येत नाही. महाराष्ट्रात सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. इकडे तो कलम 96 खाली बोर्ड ऑफ नॉमिनीज यांच्यापुढे जातो, ज्याला वडोदऱ्यात सगळेच लवाद कोर्ट म्हणतात. पुण्याचा कागद येथे दाखवला तर समोरचा वकील तो एका वाक्यात बाजूला सारतो. आपल्या संस्थेचे नोंदलेले पोटनियम, म्हणजे उपविधी, काय म्हणतात, हाच येथे पहिला प्रश्न असतो.

आमच्या पोटनियमांची प्रत बहुतेक सभासदांकडे नव्हतीच. मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सहीसह पोच घेतली. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या होत्या: नोंदलेल्या पोटनियमांची प्रत, फाळा ठरवणारा ठराव आणि त्याला आधार असलेली कोटेशने. अर्ज गुजरातीत लिहिला, कारण सोसायटीचे सर्व दप्तर गुजरातीत आहे आणि आपला कागद त्याच भाषेत असला की 'समजले नाही' म्हणायला जागा उरत नाही. सेक्रेटरीभाईंनी सुरुवातीला "बेन, हे सगळं तोंडी सांगतो ना, कागद कशाला" असे म्हटले. मी शांतपणे सांगितले की तोंडी सांगितलेले मी दहा घरांत दहा तऱ्हांनी सांगेन, त्यापेक्षा कागद बरा. त्यांना ते पटले असावे, कारण चार-पाच दिवसांनी ठरावबुकाची पाने आणि कोटेशनांच्या झेरॉक्स माझ्या हाती आल्या.

ठराव व्यवस्थापक कमिटीच्या सभेचा होता, सर्वसाधारण सभेचा नव्हता. त्याखाली कमिटीतल्या निम्म्याहून थोड्या अधिक सदस्यांच्या सह्या होत्या आणि मजकूर जेमतेम तीन ओळींचा होता. कोटेशने मात्र सविस्तर होती, आणि खरा उलगडा तेथे झाला. एकूण 15,12,000 रुपयांत लिफ्टसाठी 7,50,000, मीटरची पेटी उंचावर नेऊन नवी वायरिंग करण्यासाठी 4,20,000, पंप आणि पॅनलसाठी 1,80,000, कंपाउंडच्या भिंतीसाठी 1,56,000 आणि किरकोळ म्हणून 6,000 धरले होते. ही बेरीज 42 फ्लॅटमध्ये सारखी वाटली की 36,000 येतात. लिफ्टच्या कोटेशनचे दुसरे पान उघडले, तेव्हा पुराने बिघडलेल्या केबल, खड्ड्यातले बफर, दरवाजांचे स्विच आणि गाळ काढणे यांची रक्कम 2,72,000 होती; उरलेले 4,78,000 जाळीचे जुने दरवाजे काढून आपोआप उघडणारे दरवाजे बसवणे आणि स्टेनलेस स्टीलची नवी केबिन यांसाठी होते. म्हणजे ज्या कामाला पुराचे नाव दिले होते, त्यात निम्म्याहून अधिक लिफ्टखर्च सुधारणेचा होता. सुधारणा करावी की नाही हा वेगळा विषय आहे, परंतु तिचे पैसे सी मधल्या लोकांनी, तेही सर्वसाधारण सभेला न विचारता, का द्यावेत, याचे उत्तर त्या कागदांत नव्हते.

पोटनियमात लिफ्टविषयी एकच वाक्य होते: ज्या इमारतीत लिफ्ट आहे, त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी तिचा खर्च सारख्या हिश्श्याने सोसावा. या वाक्याने सी चा प्रश्न सोडवला आणि त्याच वाक्याने फाळ्याला हरकत घेणाऱ्या आमच्या गटात पहिली फूट पाडली. ए च्या तळमजल्यावरचे दोन कुटुंबप्रमुख आमच्याबरोबर होते आणि त्यांचे म्हणणे असे, की आम्ही लिफ्टमध्ये पायही ठेवत नाही, तर आम्हालाही वगळा. मी त्यांना स्पष्ट सांगितले की पोटनियमाचा जो अर्थ आपल्याला सोयीचा आहे तेवढाच आपण सांगू शकत नाही. तुमची इमारत ए आहे, लिफ्ट ए ला आहे, तुम्हाला हिस्सा द्यावा लागेल. एक गृहस्थ रागावून गट सोडून गेले. दुसरे थांबले, आणि पुढे त्यांचा फार उपयोग झाला, कारण 'सी विरुद्ध ए-बी' असा या वादाला रंग देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ए मधला एक माणूस आमच्या बाजूला बसलेला होता.

चेअरमनसाहेबांविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. पुराच्या दिवसांत हेच गृहस्थ कंबरभर पाण्यातून दुधाच्या पिशव्या घेऊन जिन्याजिन्याने फिरले होते आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांची औषधे त्यांनीच आणवली होती. कमिटीचे काम बिनपगारी असते, आणि पुरानंतर वीज पूर्ववत होण्यासाठी घाई करावी लागली, हेही खरे. परंतु पुरातल्या धडाडीचा हवाला देऊन सभा न घेता ठराव करता येत नाही. आमच्या मराठी मंडळींपैकी एका वयोवृद्ध सभासदांनी या काळात वारंवार अभिमानाने सांगितले की सहकाराचा सरकारी कायदा 1904 साली आला, पण वडोदऱ्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी त्याआधी, 1889 मध्येच, स्थापन केली होती. अभिमान योग्यच आहे. त्या मंडळीचे वैशिष्ट्यच आपसांतल्या विश्वासाने पैसा एकत्र करणे हे होते. मात्र विश्वासाने गोळा केलेल्या पैशालाही ठराव आणि पावती लागतेच, एवढे मी त्यांना म्हटले.

पोटनियमांत सांगितलेल्या संख्येइतक्या सभासदांच्या सह्या गोळा करून आम्ही विशेष सर्वसाधारण सभेची मागणी केली. सभा झाली, पण त्या सभेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही: आवाज चढले, मूळ प्रश्न लिफ्टचा असताना कुत्र्यांचा आणि दुचाकींच्या पार्किंगचा विषय निघाला, आणि शेवटी कमिटीच्या ठरावाला हात वर करून मान्यता देण्यात आली. आम्ही आमची हरकत लेखी दिली आणि ती इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरला. बहुमताने ठराव झाला म्हणजे तो पोटनियमाच्या विरुद्ध असला तरी चालतो, असे त्या दिवशी अनेकांना वाटत होते. पोटनियम बदलायचा असेल तर त्याची रीतसर दुरुस्ती करून सहकार खात्याच्या निबंधकांकडे ती नोंदवावी लागते. हात वर करून तो बदलत नाही.

दुसरीकडे एका मोबाइल गटात कुणीतरी राज्यघटनेतल्या सहकारविषयक तरतुदींचा लांबलचक मजकूर पाठवला आणि कमिटी बरखास्तच झाली असल्याचे जाहीर करून टाकले. आमच्या वकीलबाईंनी त्यावर वेळ घालवू नका असे सांगितले. 2011 च्या 97 व्या घटनादुरुस्तीने आलेला भाग नऊ-ख गुजरात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द केला होता आणि 2021 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो निर्णय कायम ठेवला. तो भाग आता बहुराज्यीय सहकारी संस्थांनाच लागू राहिला आहे. आमच्यासारख्या राज्यातल्या संस्थेसाठी राज्याचा कायदा आणि पोटनियम हेच खरे आधार. ते प्रकरण तेथेच मिटले.

याच वेळी सी मधल्या शेजारच्या आजोबांचा प्रश्न उभा राहिला, आणि खरे सांगायचे तर लवादात जाण्याचा निर्णय त्यामुळेच झाला. आजोबा मुलाकडे राहायला जाणार होते आणि त्यांनी फ्लॅट 32 लाखांना विकायचा बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केला होता. सोसायटीने त्यांच्याकडे फाळ्याचे 36,000 रुपये आणि त्याशिवाय 'डेव्हलपमेंट फंड' म्हणून दीड लाख रुपये मागितले. हे दिल्याशिवाय ना-हरकत दाखला नाही. घेणाऱ्याचे बँकेचे कर्ज त्या दाखल्यावर अडले होते. गुजरातेत 2024 मध्ये सहकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2025 च्या सुरुवातीला आलेल्या नियमांनी हाउसिंग आणि हाउसिंग सर्व्हिस सोसायट्यांच्या ट्रान्सफर फीवर मर्यादा घातली: विक्रीच्या किमतीच्या अर्धा टक्का किंवा एक लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. वारसाच्या नावावर फ्लॅट चढत असेल तर काहीच घेता येत नाही, आणि देणगी किंवा विकास निधी अशा दुसऱ्या नावाखालीही जादा रक्कम मागता येत नाही. 32 लाखांचा अर्धा टक्का म्हणजे 16,000 रुपये. आजोबांनी ते भरायची तयारी दाखवली होती. कमिटीचे उत्तर असे, की नियम आत्ता आला, आमचा ठराव जुना आहे.

आम्ही प्रथम जिल्हा निबंधकांकडे अर्ज केला. तेथून सोसायटीला खुलासा मागणारे पत्र गेले आणि सोसायटीने खुलासा दिलाही. निबंधक संस्थेच्या कारभाराची चौकशी करू शकतात, दप्तर तपासायला लावू शकतात, परंतु एखादा सभासद किती रक्कम देणे लागतो हा सभासद आणि संस्था यांच्यातला वाद लवादापुढेच ठरतो, असे आम्हाला सांगण्यात आले. अशा विषयांत दिवाणी कोर्टाचे दार कायद्यानेच बंद आहे. ग्राहक आयोगाचा विचार आम्ही केला होता, पण वकीलबाईंचे मत पडले की सेवा मिळाली नाही अशी तक्रार असती तर तो मार्ग बरा होता. येथे ठरावाचा वैधपणाच तपासायचा आहे. मला तो सल्ला पटला आणि आजही पटतो.

दावा दाखल करण्यापूर्वी वकीलबाईंनी आमच्याकडून एक गोष्ट करून घेतली, जिचे महत्त्व मला नंतर कळले. लिफ्टचा खर्च आणि किरकोळ वगळला तर मीटर, पंप आणि भिंत मिळून 7,56,000 रुपये होतात आणि 42 घरांत वाटले की प्रत्येकी बरोबर 18,000 येतात. ही रक्कम आम्हाला मान्य होती, म्हणून सी मधल्या प्रत्येक घराने 18,000 रुपयांचा चेक 'हरकत राखून, लिफ्टचा खर्च वगळून' अशा पत्रासह सोसायटीकडे दिला. कमिटीने चेक घेण्यास नकार दिला. मग तेच चेक रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले. ते 'घेण्यास नकार' असा पोस्टाचा शेरा घेऊन परत आले, आणि ती पाकिटे न उघडता आम्ही जपून ठेवली. नेहमीचा मेंटेनन्स मात्र एकाही घराने एक महिनाही थांबवला नाही. भांडण आहे म्हणून मेंटेनन्स बंद करण्याचा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला होता. तो पाळला असता तर आम्ही थकबाकीदार ठरलो असतो आणि सोसायटीच्या हाती आमच्याविरुद्ध खराखुरा वसुलीचा दावा आला असता.

लवाद दावा आमच्यापैकी तिघांच्या नावाने दाखल झाला. आमच्या मागण्या अशा होत्या: फाळ्याचा ठराव लिफ्टखर्चापुरता सी ला लागू नाही असे जाहीर करावे, व्याज लावण्यास मनाई करावी, आजोबांना नियमाप्रमाणे फी घेऊन दाखला द्यावा, आणि मीटरचा नवा ओटा सी च्या बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधू नये. हा शेवटचा मुद्दा आतापर्यंत लिहिला नाही, कारण तो माझ्या कामाचा असल्यामुळे त्यावर जरा सावकाश लिहायचे होते. कमिटीने मीटर उंचावर नेण्यासाठी आमच्या जिन्यासमोरच्या मोकळ्या पट्टीत साडेतीन फूट उंचीचा ओटा ठरवला होता. मंजूर नकाशाची प्रत मिळवून मी ती पट्टी मोजली. नकाशात ती मार्जिन म्हणून मोकळी दाखवलेली आहे, आणि ओटा झाल्यावर तेथून रुग्णाचे स्ट्रेचर वळवता आले नसते. मी नकाशावर ओट्याची रेघ पेन्सिलीने काढली, स्ट्रेचरच्या लांबीचा आयत कागदातून कापला आणि तो जिन्याच्या तोंडाशी फिरवून दाखवला. तो कोपऱ्यात अडकत होता. त्याच पट्टीऐवजी ए आणि बी च्या मधल्या, बागेच्या बाजूच्या चौथऱ्यावर मीटर नेता येतात आणि वायरिंगही थोडी कमी लागते, हेही त्याच कागदावर दाखवले.

लवाद कोर्टाची पद्धत दिवाणी कोर्टासारखीच असते: अर्ज, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र), समोरच्याला नोटीस, त्यांचे लेखी उत्तर आणि प्रत्येक तारखेचे रोजकाम, म्हणजे त्या दिवशीच्या कामाची नोंद. तारखा पडत गेल्या, त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. मनाई अर्जाच्या सुनावणीत पीठासीन अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न आम्हालाच केला: तुम्ही काही भरणार आहात की नाही? वकीलबाईंनी ती न उघडलेली पाकिटे टेबलावर ठेवली. सोसायटीच्या वकिलांना चेक परत का गेले याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि आमचे 18,000 सोसायटीने घ्यावेत, बाकीची वसुली आणि ओट्याचे काम पुढील हुकूम होईपर्यंत थांबवावे, असा अंतरिम हुकूम झाला. आजोबांच्या दाखल्यावर लगेच हुकूम झाला नाही, परंतु ट्रान्सफर फीचा नियम वाचून दाखवल्यावर सोसायटीच्या वकिलांनी आपल्या पक्षकाराशी बोलण्यासाठी वेळ मागितला.

समझोत्याची सुरुवात तेथून झाली. त्याच संध्याकाळी चेअरमनसाहेबांचा फोन आला: "बेन, केस लंबावशो नहीं, आपणे बेसीने वात करीए." (केस लांबवू नका, आपण बसून बोलू.) मी म्हटले, बसू, पण कागद घेऊन बसू, आणि तुमचे वकील असतील तर माझ्याही वकीलबाई असतील. बैठक सोसायटीच्या ऑफिसात झाली. पहिला तासभर पुन्हा तोच वाद, कोण काय बोलले आणि कुणी कुणाची बदनामी केली. मग बी मधल्या एका तरुण सभासदाने, जो आतापर्यंत गप्प होता, कोटेशनचे दुसरे पान मोठ्याने वाचले आणि विचारले की स्टीलची केबिन आम्हाला तरी हवी आहे का? त्या प्रश्नाने बैठकीचा नूर बदलला. ए आणि बी मधल्या कितीतरी लोकांना सुधारणेची गरज वाटत नव्हती. आपण सी च्या हट्टामुळे जास्त देत नसून, आपण न मागितलेल्या दरवाजांचे पैसे देत आहोत, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. माझ्या मते या सबंध प्रकरणात निर्णायक ठरले ते ते पान. ते वादाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना मिळाले असते तर कदाचित लवादाची गरजच पडली नसती, पण ते कमिटीने स्वतःहून दिले नव्हते.

ठरले ते असे. मीटर, पंप आणि भिंत यांचा खर्च सर्व 42 घरांनी सारखा, म्हणजे प्रत्येकी 18,000. लिफ्टची पुरामुळे लागणारी दुरुस्ती 2,72,000 रुपयांची, ती ए आणि बी च्या 32 घरांनी प्रत्येकी 8,500 या हिशेबाने, तळमजल्यांसकट. त्यामुळे ए-बी चा फाळा 36,000 वरून 26,500 वर आला आणि त्यांचाही फायदा झाला. दरवाजे आणि केबिन हा विषय पूर्णपणे काढून वार्षिक सभेपुढे, आणि तोही त्या-त्या इमारतीच्या सभासदांच्या मतासाठी, ठेवायचा. फाळा तीन हप्त्यांत, व्याज नाही. मीटर बागेच्या चौथऱ्यावर. आजोबांकडून 16,000 रुपये ट्रान्सफर फी आणि त्यांचा 18,000 चा फाळा घेऊन दाखला द्यायचा. काम झाल्यावर सर्व बिले एका फाइलीत सभासदांना पाहायला ठेवायची आणि रक्कम उरल्यास त्याच प्रमाणात परत द्यायची.

आमचा गट पूर्ण समाधानी नव्हता. दाव्याचा खर्च सोसायटीकडून मागावा असा दोघांचा आग्रह होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. मला तो मुद्दा सोडून द्यावासा वाटला, कारण सोसायटीचा खर्च म्हणजे त्यात आमचाही हिस्सा, आणि त्या रकमेसाठी समझोता आणखी काही महिने लटकला असता. आजोबांच्या घेणाऱ्याचे कर्जमंजुरीपत्र तोवर बाद झाले असते. एकमत झाले नाही, बहुमताने आम्ही तो मुद्दा सोडला. समझोत्याच्या अटी गुजरातीत लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी समाधान पुरशीस (समझोता झाल्याचे लेखी निवेदन) म्हणून लवादापुढे दाखल झाल्या आणि त्याप्रमाणे निवाडा झाला. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: बैठकीतच सह्या करून कागद घरी ठेवण्याची सूचना आली होती, 'आता मिटले ना, कोर्टात कशाला' अशी. पुरशीस दाखल करून घेतल्यामुळे तो निवाडा झाला, म्हणजे उद्या कमिटी बदलली तरी तो बंधनकारक आहे आणि त्याची अंमलबजावणी मागता येते. साधा समझोता कागदावर राहिला असता तर नव्या कमिटीशी पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागला असता. निवाडा संमतीने झाला नसता, तर ज्या बाजूला तो मान्य नाही तिला अहमदाबादच्या गुजरात राज्य सहकारी न्यायाधिकरणाकडे अपील करता आले असते. तेथवर जाण्याची वेळ आली नाही.

आजोबांचा दाखला निवाड्यानंतरच्या आठवड्यात मिळाला आणि दस्तऐवज झाला. जाताना त्यांनी आपल्या जुन्या शेअर सर्टिफिकेटची पाकिटातली प्रत मला दाखवली. त्यावर सभासदाचे नाव हाताने, निळ्या शाईत लिहिलेले होते आणि मागे तीन वेळा झालेल्या ट्रान्सफरच्या नोंदी होत्या, प्रत्येकीसमोर फी: पहिली 101 रुपये, दुसरी 500, तिसरी 2,000.

कामे पूर्ण झाल्यावर बिलांची फाइल ऑफिसात ठेवली गेली. मीटरची वायरिंग अंदाजापेक्षा खरोखरच स्वस्तात झाली आणि प्रत्येक घराला काहीशे रुपये परत मिळाले. भिंतीचा खर्च मात्र थोडा वाढला आणि तो राखीव निधीतून भागवला, ज्याला वार्षिक सभेत मान्यता घेतली. दरवाजांचा विषय त्याच सभेत आला. बी च्या सभासदांनी ते बसवायचे ठरवले आणि स्वतः पैसे काढले. ए मध्ये ठराव नामंजूर झाला. ज्या गृहस्थांनी आमचा गट सोडला होता, त्यांनी ए मध्ये विरोधात मत दिले आणि नंतर माझ्याशी बोलणेही सुरू केले.

नोटिशीतले 18 टक्के व्याज कोणत्या पोटनियमाने लावले होते, हा प्रश्न समझोत्यात टाळला गेला होता. मी तो वार्षिक सभेत विचारला. पोटनियमात 12 टक्केच आहेत आणि 18 हा आकडा कुठून आला हे कमिटीतल्या कुणालाच सांगता आले नाही. त्यावर मतभेद न होता दोन ठराव झाले: खास फाळा यापुढे सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय लावू नये, आणि त्याची सूचना देताना कोटेशनची सर्व पाने जोडावीत, अशी पोटनियमात दुरुस्ती करावी. दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्हा निबंधकांकडे नोंदणीसाठी पाठवला आहे. तो नोंदून येईपर्यंत जुनेच पोटनियम लागू आहेत, आणि त्यांची झेरॉक्स आता सोसायटीच्या ऑफिसात प्रत्येक सभासदासाठी दहा रुपयांना मिळते.